एसक्यूएल की सीक्वेल? लघुरूपांच्या उच्चाराचा वाद आणि देवनागरीची साक्ष

थ्रेड : संगणकाच्या जगात एक वाद पन्नास वर्षे चालू आहे, आणि तो यंत्राविषयी नसून जिभेविषयी आहे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेचे नाव 'एसक्यूएल' की 'सीक्वेल'? हलत्या चित्राची फाइल 'जिफ' की 'गिफ'? शेगाव, चिखली, मलकापूर किंवा बुलढाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील तोंडी परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. पण विद्यार्थ्याच्या तोंडून नाव कसे बाहेर पडते, यावरून त्याने विषय पुस्तकात वाचला की पुण्यात नोकरी करणाऱ्या कोणाकडून ऐकला, याचा अंदाज समोरचा मनात बांधतोच. या वादात मराठीची स्वतःची एक बाजू आहे. इंग्रजीतील चर्चेत ती कधी येत नाही, म्हणून हा थ्रेड.

आधी मूळ प्रकरण. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी डेटाबेस तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना पुढे आणली. त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा डेटाबेससाठी एक भाषा रचली व १९७४ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. भाषेचे पूर्ण नाव 'स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज' आणि लघुरूप 'सीक्वेल'. हे लघुरूप मुद्दामच शब्दासारखे बेतलेले होते. पुढे हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीकडे हे नाव व्यापारचिन्ह म्हणून असल्याचे आढळले. तेव्हा नावातले स्वर गाळण्यात आले आणि एस, क्यू, एल ही तीनच अक्षरे उरली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने या तीन अक्षरी नावानेच भाषेला मान्यता दिली. (त्या संस्थेचे लघुरूप मात्र सगळे जण 'अ‍ॅन्सी' असे शब्दासारखेच वाचतात.)

म्हणजे 'सीक्वेल' म्हणणारा चुकत नाही. तो व्यापारचिन्हाच्या तंट्यापूर्वीच्या नावाशी एकनिष्ठ आहे. 'एसक्यूएल' म्हणणाराही चुकत नाही. तो मानकात छापलेले वाचतो आहे. नाव कागदावर बदलले, पण ज्यांनी ते आधी ऐकले होते त्यांच्या कानातून गेले नाही. पुढच्या पिढ्यांना दोन वारसे मिळाले, एक डोळ्यांचा आणि एक कानांचा.

'जिफ'चे प्रकरण वेगळे आहे. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने हा चित्रप्रकार तयार केला. 'ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट' या नावातील पहिल्या शब्दात 'ग' आहे, म्हणून 'गिफ', असा एका पक्षाचा युक्तिवाद. निर्मात्याने 'जिफ' म्हटले, म्हणून 'जिफ', असा दुसऱ्याचा. २०१३ मध्ये एका पुरस्कार समारंभात विल्हाइट यांनी पडद्यावर मजकूर झळकवून 'जिफ'च्या बाजूने जाहीर निवाडा दिला. तरी वाद मिटला नाही. २०२२ मध्ये ते निवर्तले, आणि ऑक्सफर्डचा कोश आजही दोन्ही उच्चार देतो. पहिल्या शब्दात ग आहे म्हणून गिफ, हा तर्क दिसतो तितका भक्कम नाही. तो मानला तर 'लेझर' या लघुरूपातील स आणि 'स्कूबा'मधील अ हेही मूळ शब्दांप्रमाणे उच्चारावे लागतील, आणि तसे कोणी उच्चारत नाही.

इथवरचा इतिहास इंग्रजी वाचणाऱ्याला ठाऊक असतो. आता एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. इंग्रजीत ही तीन रोमन अक्षरे लिहिली की लिहिणारा मोकळा होतो. ती कशी वाचावीत हे त्याने सांगितलेले नसते. देवनागरीत ही मुभा नाही. लेखणी टेकवतानाच 'एसक्यूएल' की 'सीक्वेल', 'जिफ' की 'गिफ' हे ठरवावे लागते. या थ्रेडच्या शीर्षकातसुद्धा ते टाळता आले नाही. इंग्रजी लेखकाला जे गुलदस्त्यात ठेवता येते, ते मराठी लेखकाला कबूल करावे लागते. म्हणूनच मराठी मजकूर हा उच्चाराच्या इतिहासाचा पुरावा ठरतो.

याचे कारण लिपीच्या घडणीत आहे. रोमन लिपीत अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसरा असतो. 'डब्ल्यू' या नावात तिच्या ध्वनीचा मागमूसही नाही, आणि 'एच' या नावात ह शोधूनही सापडत नाही. त्यामुळे रोमन लघुरूप वाचण्याच्या दोन वाटा फुटतात : अक्षरांची नावे घ्यायची किंवा ध्वनी जोडून शब्द करायचा. देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा ध्वनी. 'पु' आणि 'ल' ही दोन अक्षरे सुटी म्हटली काय आणि जोडून म्हटली काय, फरक श्वासापुरता. त्यामुळेच पु. ल. देशपांडे सहज 'पुलं' झाले, ग. दि. माडगूळकर 'गदिमा' झाले, आणि यावर महाराष्ट्रात कधी दोन तट पडले नाहीत.

मराठीला लघुरूपे इंग्रजांनी शिकवली, असा एक समज असतो. मोडी कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना तो हास्यास्पद वाटेल. 'राजश्री'साठी 'रा॥', 'चिरंजीव'साठी 'चि॥' असे दोन दंडांचे संक्षेप पेशवाईच्या पत्रांत ओळीओळीला भेटतात. त्याहून मागे गेले तर संस्कृत शिलालेख-ताम्रपटांत शुक्ल पक्षातील दिवसासाठी 'शु दि' आणि बहुल म्हणजे कृष्ण पक्षातील दिवसासाठी 'ब दि' असे लिहिलेले असते. कोरक्याने जागा वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर. पण लोकांनी ती जोडून वाचली आणि उत्तर भारतात 'सुदी' व 'बदी' हे तिथी सांगण्याचे रूढ शब्द झाले. लघुरूपाचा शब्द होण्याचा हा प्रकार संगणकाच्या कितीतरी शतके आधी घडून गेला होता.

मराठीचा स्वतःचा रिवाज मुख्यतः तिसऱ्या वाटेचा होता : लिहायचे थोडके, वाचायचे पूर्ण. 'कै.' दिसले की 'कैलासवासी' म्हणायचे, 'रा. रा.' दिसले की 'राजमान्य राजश्री'. लग्नपत्रिकेवरील 'चि. सौ. कां.' आजही वडीलधारी माणसे उलगडून वाचतात. पण याच पंगतीतल्या 'सौ.'ने मर्यादा ओलांडली. ती पत्रिकेतून उठून बोलण्यात आली, तिचे टिंब गळाले, आणि 'आमची सौ' हे स्वतंत्र नाम झाले. कोणत्याही परिषदेने ठराव केला नाही. लोकांनी म्हटले आणि झाले.

इंग्रजी अमलात मात्र दुसरी रीत शेजारी येऊन बसली : मराठी नावाचे आधी रोमन स्पेलिंग करायचे, मग त्या स्पेलिंगची आद्याक्षरे घ्यायची, आणि मग त्या आद्याक्षरांची इंग्रजी नावे मराठीत उच्चारायची. एवढा वळसा! बुलढाणा जिल्ह्यात या दोन रीती एकाच माणसाच्या नावावर दिसतात. महानुभाव वाङ्मयाचे थोर अभ्यासक, 'लीळाचरित्रा'चे संपादक आणि १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष विष्णु भिकाजी कोलते हे मलकापूर तालुक्यातले. ग्रंथालयात त्यांची पुस्तके शोधायची तर 'वि. भि. कोलते' या नावाखाली. मलकापूरला त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे ते 'व्ही. बी. कोलते' आहेत. माणूस एकच. साहित्याच्या दालनात त्याची आद्याक्षरे मराठी, तंत्रशिक्षणाच्या दालनात इंग्रजी.

दुसरे उदाहरण याहून गोड आहे. सिंदखेड राजा येथे जन्मलेले आणि मेहकरात आयुष्य काढलेले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी गेली. ती गाणारे गायक होते जी. एन. जोशी, आणि मुद्रिका काढणारी कंपनी एचएमव्ही. कवी मराठी अक्षरांचा, गायक इंग्रजी अक्षरांचा, आणि दोघांचेही नाव तसेच रूढ झाले. नागोराव घनश्याम देशपांडे यांना कोणी 'एन. जी.' म्हटले नाही, गोविंद नारायण जोशी यांना कोणी 'गो. ना.' म्हटले नाही. नियम शोधू जावे तर हाती काही लागत नाही. कोणत्या वर्तुळात नाव आधी उच्चारले गेले, एवढेच कारण उरते.

हीच गोष्ट सरकारी संस्थांची. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. कागदावर 'जि. प.', तोंडी 'झेडपी'. जिल्हा या शब्दात झ कुठून आला, असा प्रश्न पडतो. उत्तर शब्दाच्या प्रवासात आहे. तो अरबी-फारसीतून आला; तिथल्या 'झिला'चा मराठीने जिल्हा केला, तर इंग्रजी दप्तराने झेड टिकवला. म्हणजे चावडीवरचा 'झेडपी' हा उच्चार एका अर्थी अधिक जुना ध्वनी सांभाळून आहे. एसटीचेही तसेच. पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो या व्यवस्थेत आला. आज 'एसटी' हे मराठीत चक्क स्त्रीलिंगी नाम आहे. ती लागते, सुटते, चुकते. 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ला लिंग नव्हते. ते मराठी बोलणाऱ्यांनी दिले.

आता संगणकाकडे. भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची; आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. काही काळ हे यंत्र निनावीच होते. जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याचे नामकरण केले : 'टिफ्रॅक'. संस्थेला मुंबईत सगळे 'टीआयएफआर' असे सुटे म्हणतात, आणि तिच्याच यंत्राचे नाव मात्र जोडून 'टिफ्रॅक'. शेवटी दोन अक्षरे वाढली, स्वर मिळाला, आणि शब्द झाला.

'टिफ्रॅक'मधील ते शेवटचे 'अ‍ॅक' तेव्हाच्या यंत्रांचे जणू आडनाव होते. एनिअ‍ॅक, युनिव्हॅक, इलिअ‍ॅक अशी ती भावंडे. लॉस अलामोसचे निकोलस मेट्रोपोलिस या नावांच्या साथीला इतके कंटाळले होते की त्यांनी आपल्या यंत्राचे नाव 'मॅनिअ‍ॅक', म्हणजे माथेफिरू, असे ठेवले. या थट्टेने साथ थांबेल अशी त्यांना आशा होती. साथ थांबली नाही, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसतेच.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख विजय भटकर हे बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. या केंद्राचे लघुरूप सांगताना महाराष्ट्र पहिले अक्षर सुटे म्हणतो आणि उरलेली तीन जोडून : 'सी-डॅक'. अर्धे अक्षर, अर्धा शब्द. 'सी-डी-ए-सी' असे कोणी म्हणत नाही आणि 'कडॅक' असेही नाही. तर्काने यातले काहीच निघत नाही, तरी उच्चाराविषयी मतभेद नाही. वाद होतो तो नियम नसल्यामुळे नव्हे. दोन गट दोन ठिकाणी दोन उच्चार ऐकून मोठे झाले की होतो. 'सी-डॅक' एकाच गावातून पसरले, म्हणून एकमत राहिले.

या केंद्राने १९९१ मध्ये सादर केलेल्या महासंगणकाचे नाव 'परम'. इंग्रजीत ते 'पॅरलल मशीन'चे लघुरूप म्हणून सांगितले जाते. पण शब्द आधी आणि विस्तार मागाहून जुळवला, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजी स्पेलिंग पाहून परदेशी माणूस त्याला 'पॅरॅम' म्हणेल. देवनागरीत लिहिले की शंका संपते. याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतप्रणालीचे मानक ठरले (१९९१). अमेरिकेच्या १९६३ च्या 'अ‍ॅस्की'वर बेतलेले म्हणून त्याचे नाव 'इस्की'. गंमत अशी की अ‍ॅस्की मराठीत कोणी 'आस्की' लिहितो, कोणी 'अ‍ॅस्की'. 'इस्की'बद्दल मात्र दुमत नाही. इंग्रजीतल्या अ‍ॅ या स्वराला मराठीत उशिरा चिन्ह मिळाले, त्याची ही खूण.

गावोगावी पोचलेले लघुरूप यांपैकी एकही नव्हे. ते आहे 'एमएस-सीआयटी'. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजेच 'एमकेसीएल'चा, हा अभ्यासक्रम लोणार, मेहकर, नांदुरा अशा तालुक्याच्या ठिकाणी असंख्य तरुणांची संगणकाशी पहिली भेट ठरला. नावातील जोडरेषा 'महाराष्ट्र स्टेट' आणि 'सर्टिफिकेट' यांच्यामध्ये आहे. बोलताना ती नाहीशी होते आणि एका श्वासात 'एमएससीआयटी' निघते. ऐकणाऱ्याला वाटावे, हा मुलगा एम.एस्सी. झाला. छपाईत जी रेघ पाव सेंटिमीटरची, ती उच्चारात हरवल्यावर पदवी आणि प्रमाणपत्र यांतले अंतर पुसून जाते.

टपालाच्या 'पिन'ची कथाही याच घराण्यातली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी योजनेचे श्रेय संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. 'पोस्टल इंडेक्स नंबर' हा विस्तार किती जणांना ठाऊक असेल? बुलढाण्याचा पिन ४४३००१, एवढे पुरते. बँकेच्या यंत्रातला पिन वेगळ्या शब्दांचे लघुरूप आहे, तरी तोही 'पिन'च. या दोन्ही अर्थांत कोणी 'पी-आय-एन' म्हणत नाही. मधोमध स्वर असला की जीभ जोडूनच वाचते. पण लगेच 'ओटीपी' पुढे येतो आणि हा नियमही ढासळतो. त्याला 'ओटिप' म्हणायला कोणाची हरकत नव्हती.

देवनागरीने अक्षर-की-शब्द हा अर्धा वाद सोडवला, तरी मराठीचा स्वतःचा एक गुंता शिल्लक राहतोच. च, ज, झ या अक्षरांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिपी त्यांत भेद करत नाही. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च सारखा नाही. 'जग'मधला आणि 'जिल्हा'मधला ज सारखा नाही. मराठी माणूस हे वाचून नव्हे, ऐकून शिकतो. म्हणजे रोमन लिपीतील 'ग की ज' या तंट्याला हसण्याचा अधिकार मराठीला पुरता नाही. फरक इतकाच की 'इ'पुढे मराठी ज नेहमी तालव्यच असतो. म्हणून 'जिफ' लिहिल्यावर तो कसा वाचावा याबद्दल मात्र संशय उरत नाही.

या गुंत्याची खरी मौज प्रोग्रामिंगच्या वर्गात दिसते. सी भाषेत अक्षर साठवण्याच्या प्रकाराचे नाव 'कॅरेक्टर' या शब्दाचे लघुरूप आहे. मूळ शब्दाप्रमाणे 'कॅर' म्हणावे की स्पेलिंगप्रमाणे 'चार', यावर जगभर मतभेद आहेत. मराठी वर्गात 'चार' म्हटले की एक जादा संकट उभे राहते, कारण तो आकडाही आहे. 'चार'ला एक बाइट लागतो, हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याची अवस्था काय होत असेल! आणि जुन्या टर्बो सीमध्ये 'इंट'ला दोन बाइट, नव्या कंपायलरमध्ये बहुधा चार. मग 'इंट चार, चार एक' असा श्लोकच तयार होतो. 'जावा'चेही असेच. १९९५ ची ही भाषा तालव्य ज घेऊन आली. दंततालव्य ज लावून तेच अक्षर वाचले तर एकाच घरातल्या दोघी सुना होतात.

याउलट काही ठिकाणी मराठी जीभ इंग्रजीपेक्षा सरस ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नाव 'ग्नू'. इंग्रजीत त्याच स्पेलिंगच्या प्राण्याचे नाव 'नू' असे उच्चारतात, म्हणून प्रकल्पाला ग उच्चारावा असे वेगळे बजावून सांगावे लागते. अग्नी, लग्न, मग्न म्हणणाऱ्या भाषेला 'ग्न'ची काय मातब्बरी! तरीही मराठी विद्यार्थी बहुधा 'जीएनयू'च म्हणतो, कारण त्याने ते कागदावर मोठ्या अक्षरांत पाहिलेले असते. त्याच्या तोंडाला जे सहज जमले असते, ते डोळ्यांनी अडवले.

मग अधिकार कोणाचा? निर्मात्याचा म्हणावा तर विल्हाइट यांचे कोणी ऐकले नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९४ मध्ये आपल्या प्रणालीच्या नावाचा उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवला. तो 'लीनुक्स'च्या जवळचा आहे. जग 'लिनक्स' म्हणते, काही जण 'लायनक्स'. मानकाचा म्हणावा तर १९८६ च्या मानकानंतरही 'सीक्वेल' जिवंत आहे. बुलढाण्याला हे नवे नाही. 'भिल्ल ठाणा' या शब्दांतून निघाले असे सांगितले जाणारे हे नाव इंग्रजी गॅझेटियरमध्ये एच न घालता लिहिले गेले. मराठीत आजही जिल्ह्याच्या संकेतस्थळावर 'बुलढाणा' आहे आणि जिल्ह्यातील सर्वांत परिचित पतसंस्थेच्या पाटीवर 'बुलडाणा'. दोन्ही पाट्या एकाच शहरात आहेत, आणि पत्र दोन्हीकडे पोचते.

लघुरूपाच्या उच्चारावरून माणूस जोखण्याची सवय मात्र निरुपद्रवी नाही. घाटाखालच्या तालुक्यांतील मुलाच्या वऱ्हाडीतला 'काया' ऐकून 'काळा' म्हणणारे हसले, तेव्हा भाषा बिघडल्याचे कारण दिले गेले. आता तोच मुलगा नोकरीच्या मुलाखतीत 'एस-क्यू-एल' किंवा 'गिफ' म्हणतो आणि समोरच्याच्या ओठावर तेच स्मित येते. फक्त कारण बदलते, विषय कच्चा असल्याचे. पहिल्या प्रकरणात निदान प्रमाणभाषा नावाची काही वस्तू होती. दुसऱ्यात तीही नाही. ज्याने क्वेरी बरोबर लिहिली त्याला ती भाषा येते. नाव त्याने कोणत्या गावच्या पद्धतीने घेतले, हे त्याच्या प्रवासाविषयी सांगते, बुद्धीविषयी नाही. हसणाऱ्याला निर्माता, मानक आणि व्याकरण या तिघांपैकी एकाचीही साक्ष काढता येणार नाही.

एक अखेरचे प्रकरण. स्वीडनमधील एका कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या 'मायएसक्यूएल' या डेटाबेसचे नाव त्याचे एक कर्ते मायकेल विडेनियस यांच्या मुलीवरून आले. तिचे नाव स्वीडिश पद्धतीने उच्चारले तर 'माय' नव्हे, 'म्यू'च्या जवळ जाते. म्हणजे पहिल्याच अक्षराला सारे जग चुकते. त्या डेटाबेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत उच्चाराविषयी एक नोंद आहे. तीन अक्षरे सुटी म्हणावीत, 'सीक्वेल' म्हणू नये, असे ती आधी सांगते. आणि लगेच पुढे म्हणते की कोणी 'माय सीक्वेल' म्हटले, किंवा आपापल्या मुलखाच्या रीतीने आणखी काही म्हटले, तरी कंपनीची हरकत नाही.